‘सापडत नाही’ आणि ‘नाही’ : संगणकातील शोध व कार्यालयाचे दप्तर

(पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यालय म्हटले की दप्तर आले, आणि दप्तर म्हटले की शोध आला. नागरिक कार्यालयाच्या दारात येतो तो बहुधा एखादा कागद हवा म्हणून. कोणास घराच्या कर आकारणीचा उतारा हवा असतो, कोणास जन्माचा दाखला, तर कोणास दहा-बारा वर्षांपूर्वी ग्रामसभेने केलेल्या ठरावाची नक्कल. त्या कागदावर कोणाचे कर्जप्रकरण, कोणाची वारसनोंद, कोणाचा शाळाप्रवेश अवलंबून असतो. कार्यालयाने किती योजना राबविल्या याचा हिशेब अर्जदार ठेवीत नाही. आपला कागद हाती पडण्यास एक तास लागला की तीन महिने, हे मात्र तो जन्मभर विसरत नाही.

आज यांपैकी बरेचसे कागद संगणकात असतात. संगणकातील फाईली मांडून दाखविणाऱ्या खिडकीत, म्हणजे विंडोज प्रणालीच्या ‘फाईल एक्सप्लोरर’मध्ये, उजव्या कोपऱ्यात वर एक छोटी शोधपेटी असते. त्या पेटीत शब्द लिहावा आणि फाईल समोर यावी, इतके हे काम सोपे भासते. म्हणूनच पेटीखाली काहीच उमटले नाही, तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर लिहून कर्मचारी मोकळा होतो. वस्तुतः शोधपेटीचे उत्तर हे विचारलेल्या शब्दापुरते असते. कागद अस्तित्वात आहे की नाही, याचा निर्वाळा ती देत नाही. हा भेद समजून घेणे हे आजच्या कार्यालयीन कामात अत्यंत अगत्याचे झाले आहे.

रुमालापासून संगणकापर्यंत

असलेला कागद न सापडणे ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीही ते कागद होतेच. परंतु कोणत्या रुमालात काय आहे याची वाट दाखविली गेली, तेव्हाच ते सर्वसामान्य अभ्यासकाच्या कामी आले. दप्तराचे मोल त्याच्या आकारावर नसून त्याच्या सूचीवर असते, हाच त्याचा अर्थ होय.

शासकीय कार्यालयांत आवक-जावक नोंदवही, कार्यविवरण नोंदवही, अभिलेखांचे अ, ब, क, ड हे वर्ग आणि सहा गठ्ठा पद्धत या व्यवस्था रूढ झाल्या, त्या याच जाणिवेतून. गठ्ठ्यावर चिठ्ठी न लावता तो मांडणीवर टाकणारा लिपिक पूर्वी बोलणी खात असे. संगणकात मात्र ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘शेवटचे’, ‘साहेबांचे’ अशा नावांच्या शेकडो फाईली साठत जातात, आणि त्याबद्दल कोणी कोणास विचारीत नाही. यंत्र शोधून देईल, असा सर्वांचा समज असतो.

शोधपेटी काम कसे करते

शोधपेटीचा वापर मुळात सुलभ आहे. खिडकी उघडलेली असताना कंट्रोल व एफ या कळा एकत्र दाबल्या, अथवा एफ-३ ही कळ दाबली, की शोधपेटी लिहिण्यास सज्ज होते. शोध कोठे घ्यावयाचा, हे त्या वेळी उघडलेल्या फोल्डरवरून ठरते. ते फोल्डर व त्याच्या पोटातील सर्व फोल्डरे धुंडाळली जातात. त्याबाहेर यंत्र पाहत नाही. सन २०२३ चे फोल्डर उघडून त्यात सन २०१४ चा ठराव शोधणे म्हणजे एका कपाटाची किल्ली घेऊन दुसऱ्या कपाटातील वही मागणे होय. म्हणून जुना कागद शोधताना ‘धिस पीसी’ उघडून संपूर्ण संगणकात शोध घ्यावा. त्यास वेळ लागतो, तो लागू द्यावा.

दुसरी गोष्ट अनुक्रमणिकेची. काही ठराविक जागांतील फाईलींची नावे व त्यांतील शब्द यांची सूची यंत्र आधीच तयार करून ठेवते. ‘डॉक्युमेंट्स’ ही अशी एक जागा आहे. तेथे शोध झटपट होतो आणि फाईलीच्या आतील मजकूरही धुंडाळला जातो. ज्या जागांची सूची झालेली नाही, तेथे यंत्र सामान्यतः केवळ फाईलीचे नाव पाहते. पेन ड्राईव्ह या दुसऱ्या प्रकारात मोडतो. अनेक कार्यालयांत स्वतंत्र केलेला ‘डी’ हा विभागही बहुधा त्यातच असतो. कार्यालयाचे दप्तर नेमके तेथेच ठेवलेले असते, ही खरी अडचण आहे. शोध सुरू केल्यावर वरच्या पट्टीत शोधाचे पर्याय दिसतात. त्यांत फाईलीतील मजकूरही पाहावा असा पर्याय निवडता येतो. तसेच अनुक्रमणिकेच्या मांडणीत आपले दप्तराचे फोल्डर एकदा समाविष्ट केले की पुढील सर्व शोध सुकर होतात.

तिसरी गोष्ट अपुऱ्या माहितीची. नावाचा थोडाच भाग आठवत असेल, तर तारांकन उपयोगी पडते. तारांकन म्हणजे ‘येथे कितीही अक्षरे असू शकतील’, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे ‘येथे एकच अक्षर आहे’. दोन शब्दांपैकी कोणताही चालणार असेल, तर त्यांच्यामध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ हा शब्द लिहावा. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल, तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. एवढ्या चार खुणा ध्यानी ठेवल्या तरी रोजचे बहुतेक काम भागते.

मराठीची खास अडचण

समजा, एका शेतकऱ्याने शिवरस्ता खुला करण्याविषयी ग्रामसभेने केलेल्या ठरावाची नक्कल मागितली. लिपिकाने शोधपेटीत ‘रस्ता’ असे लिहिले. फाईलीचे नाव होते ‘शिवरस्त्याबाबत ग्रामसभा’. हा शोध रिकामा जाण्याचा मोठा संभव आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. एक तर यंत्र साधारणतः शब्दाच्या आरंभापासून अक्षरे जुळवीत जाते. ‘शिवरस्ता’ या शब्दाचा आरंभ ‘शिव’ असा आहे. दुसरे कारण आपल्या व्याकरणात आहे. विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागले की मराठी शब्द आपले रूप बदलतो. ‘रस्ता’चे ‘रस्त्या’ होते, ‘शाळा’चे ‘शाळे’ होते, ‘विहीर’ची ‘विहिरी’ होते. माणसास हा एकच शब्द वाटतो. यंत्रापुढे ती निरनिराळी अक्षरे असतात. येथे ‘रस्त’ एवढाच न बदलणारा भाग लिहून त्याच्या मागेपुढे तारांकन दिले असते, तर तो ठराव समोर आला असता.

ऱ्हस्व-दीर्घाचाही असाच प्रकार आहे. प्रचलित लेखननियमांप्रमाणे ‘मृत्यू’ हा शब्द एकटा असता दीर्घ लिहितात, आणि ‘मृत्युपत्र’ या समासात तोच ऱ्हस्व होतो. दोन्ही लेखने शुद्ध आहेत. तरीही एकाने शोधले असता दुसरे मिळेल असे नाही. ‘पाणीपुरवठा’ कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. वर्षाचा आकडा एका फाईलीवर देवनागरीत असतो, दुसरीवर इंग्रजीत. आणि हे आकडे संगणकाच्या लेखी वेगवेगळी चिन्हे आहेत.

याहून सूक्ष्म अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ या शब्दांतील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकलिखित करता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर व कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु आत साठविलेली चिन्हे वेगळी असतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. यूनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत त्यास स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तत्पूर्वी ते ‘अ’ व चंद्र जोडून लिहिले जात असे आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसेच लिहिले जाते. म्हणून अशा शब्दांनी शोध लागला नाही, तर त्या अक्षरापूर्वीचा भाग घेऊन शोधावे. ‘शेतक’ आणि पुढे तारांकन एवढे लिहिले तरी काम होते.

सर्वांत मोठा खड्डा जुन्या टंकांचा आहे. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली व त्यात देवनागरीस १२८ स्थाने देण्यात आली. तथापि कार्यालयांतून यूनिकोडचा सरसकट वापर होण्यास बरीच वर्षे गेली. मधल्या काळात शिवाजी, कृतिदेव यांसारख्या टंकांत लाखो पाने टंकलिखित झाली. या टंकांत पडद्यावर ‘ठराव’ दिसतो. पण फाईलीच्या पोटात इंग्रजी अक्षरे व चिन्हेच साठविलेली असतात. देवनागरीचा वेष त्यांना टंक चढवितो. त्यामुळे यूनिकोडमध्ये ‘ठराव’ लिहून शोधले असता अशा फाईलींतील एकही ठराव सापडत नाही. यावर तात्पुरता उपाय असा की, त्याच टंकातील एखादी जुनी फाईल उघडून हवा असलेला शब्द तेथून उचलावा व शोधपेटीत डकवावा. पेटीत तो निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसेल. पण जुळण्याची शक्यता तेथेच आहे. कायमचा उपाय म्हणजे महत्त्वाच्या जुन्या फाईली यूनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे व रूपांतरित प्रत मुळाशी ताडून पाहणे.

स्कॅन केलेल्या कागदांविषयीही गैरसमज पुष्कळ आहे. स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. त्यावरील अक्षरे ओळखून घेण्याची निराळी प्रक्रिया केलेली नसेल, तर आतील एकही शब्द शोधात येत नाही. हस्तलिखित नोंदवह्यांच्या बाबतीत तर नावावाचून दुसरा आधारच नसतो. शिवाय फाईलीपुढे दिसणारी तारीख ही फाईल तयार झाल्याची किंवा बदलल्याची असते. सन २००९ चा ठराव २०२१ मध्ये स्कॅन केला, तर त्यापुढे २०२१ हेच साल दिसते. तारखेवरून गाळणी लावताना हे विसरून चालणार नाही.

नाव ठेवण्याची शिस्त

या सर्व अडचणींचे मूळ बहुतांशी एकाच जागी आहे. फाईल ज्या दिवशी जतन होते, त्याच दिवशी तिचा पुढील शोध सोपा किंवा अवघड ठरतो. डॉस प्रणालीच्या काळात फाईलीस आठ अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचे शेपूट एवढीच मुभा होती. १९९५ साली आलेल्या ‘विंडोज ९५’पासून लांब नावे ठेवता येऊ लागली. ती अडचण संपली, पण संक्षिप्त व गूढ नावे ठेवण्याची सवय मात्र राहिली.

नावात चार गोष्टी असाव्यात : वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मूळ कागदाची तारीख, कागदाचा प्रकार, विषय आणि असल्यास क्रमांक. उदाहरणार्थ, ‘२०१४-०८-१५ ग्रामसभा ठराव ७ शिव रस्ता’. तारीख या क्रमाने लिहिली की फाईली आपोआप कालानुक्रमे लागतात. विषय प्रथमेत, म्हणजे विभक्ती न लावता लिहावा, आणि जोडशब्द तोडून लिहावेत. मग ‘रस्ता’ असा साधा शोधही पुरतो. आकडे देवनागरी की इंग्रजी हे कार्यालयाने एकदाच ठरवावे. जावक क्रमांकातील तिरकी रेघ फाईलीच्या नावात चालत नाही. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह व तारांकन हीही वर्ज्य आहेत. तिरक्या रेघेऐवजी कोणी टिंब देतो, कोणी आडवी रेघ, कोणी काहीच देत नाही. येथेही आडवी रेघ असा एकच दंडक सर्वांनी पाळावा.

फोल्डरांची रचना करताना दप्तराचीच जुनी रीत उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीत वर्षाचे एक फोल्डर, त्यात सभा, कर आकारणी, बांधकाम, पाणीपुरवठा, पत्रव्यवहार असे विषय. शाळेत प्रवेश, दाखले, शालेय पोषण आहार, शाळा व्यवस्थापन समिती असे विषय. फोल्डरांची उतरंड चार पायऱ्यांपेक्षा खोल करू नये. ठरविलेली रीत एका कागदावर लिहून ती संगणकाशेजारी लावावी, कारण कर्मचाऱ्याची बदली होते आणि रीत त्याच्याबरोबर निघून जाते. नवा माणूस येतो तेव्हा त्याच्या हाती किल्ल्या व नोंदवह्या दिल्या जातात. तो कागदही त्याच यादीत असावा.

‘आढळून येत नाही’ असे लिहिण्यापूर्वी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित स्वरूपात, माहिती मिळणे सुलभ होईल अशा रीतीने ठेवावयाचे आहेत. कलम ७ प्रमाणे अर्जावर ३० दिवसांच्या आत निर्णय द्यावयाचा असतो. व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. ही मुदत शोधण्यासाठी दिलेली आहे, सबब शोधण्यासाठी नव्हे. शोधपेटीत एक शब्द लिहून तयार केलेल्या उत्तरावर जबाबदार अधिकाऱ्याची स्वाक्षरी होते. पुढे अपिलात तोच कागद निघाला, तर प्रश्न एका फाईलीचा राहत नाही. कार्यालयाच्या शब्दाचा होतो. दरम्यान अर्जदाराचे जे नुकसान व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.

म्हणून नकारार्थी उत्तर लिहिण्यापूर्वी पुढील क्रमाने शोध घ्यावा. प्रथम संपूर्ण संगणकात, न बदलणारा शब्दभाग व तारांकन यांनी. नंतर पर्यायी लेखनाने व पर्यायी शब्दांनी. ‘नक्कल’ व ‘प्रत’, ‘उतारा’ व ‘दाखला’ असे जोडशब्द कार्यालयात पुष्कळ असतात. त्यानंतर इंग्रजी अक्षरांतील नावाने, कारण ‘ठराव’ हा शब्द इंग्रजी लिपीत लिहून जतन करण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. मग फाईलीतील मजकूर पाहण्याचा पर्याय घेऊन, आणि जुन्या टंकातील शब्द डकवून. त्यानंतर काढून टाकलेल्या फाईलींची टोपली, म्हणजे ‘रिसायकल बिन’, उघडून पाहावी. बाहेरील साठवण साधने जोडून तीही धुंडाळावीत. शेवटी आवक-जावक नोंदवही उघडावी. त्या काळी तो कागद कार्यालयात आला किंवा गेला असेल, तर तिच्यात त्याची नोंद मिळेल. आणि क्रमांक मिळाला की मूळ गठ्ठा काढता येईल.

कोणते शब्द, कोणत्या जागी, कोणत्या दिवशी शोधले, याची चार ओळींची टिपणी प्रकरणात ठेवावी. एवढे करूनही कागद मिळाला नाही, तर दिलेल्या नकारास आधार राहतो. शिवाय दुसऱ्या कर्मचाऱ्यास पुढील शोध कोठून सुरू करावा हे कळते.

एक सावधगिरी येथे सांगणे आवश्यक आहे. मजकुरात शोध घेण्याची सोय झाली की खाजगी माहितीही सहज वर येते. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांची कौटुंबिक माहिती असलेली फोल्डरे सर्वांसाठी खुल्या संगणकावर ठेवू नयेत. शोध सुलभ करणे आणि कपाटास कुलूप लावणे ही दोन्ही कामे अभिलेखपालाचीच आहेत.

शिक्षकांचा वाटा

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळेचे जनरल रजिस्टर हे अनेक कुटुंबांच्या जन्मतारखेचा व जातीचा सर्वांत जुना लेखी पुरावा असते. त्याची पाने स्कॅन करून ‘पान १’, ‘पान २’ अशी नावे दिली, तर श्रम वाया जातात. पानावरील पहिला व शेवटचा दाखल क्रमांक आणि प्रवेशाचे वर्ष नावात घातले, तर शंभर वर्षांपूर्वीची नोंदही दोन मिनिटांत निघते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शोधपेटी, तारांकन व नावाची शिस्त शिकविण्यास दोन तासिका पुरतात. शब्दाचे सामान्यरूप कशास शिकावयाचे, या त्यांच्या प्रश्नाला यापेक्षा व्यवहारातले उत्तर क्वचितच मिळेल.

यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही, निधी लागत नाही. प्रत्येक कार्यालयाने आठवड्यातील एक ठराविक तास राखून ठेवावा आणि त्या तासात मागील वर्षाच्या वीस-पंचवीस फाईलींना योग्य नावे द्यावीत. सुरुवात ठराव, कर आकारणी आणि दाखले यांपासून करावी, कारण नागरिक याच कागदांसाठी सर्वाधिक येतात. वर्षभरात हजारावर फाईली मार्गी लागतील. मग शेतकरी शिवरस्त्याचा ठराव मागावयास येईल, तेव्हा त्यास पुढच्या सोमवारी या असे सांगावे लागणार नाही.